कुंकवाखालचं कुंकू

लाल काच लावून फोटो काढला की बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसलं जातं. खरं कुंकू जिथल्या तिथे असतं, पुसलं जातं ते फोटोतलं. ब्लॅक अँड व्हाइटच्या धंद्यातली ही अगदी बिगरीतली गोष्ट. पण माणगावच्या बाजारपेठेत ती शिकायला आम्हाला एका सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सोसावा लागला.

'आम्हाला' म्हणजे नानांना आणि मला. नाना माझे मालक आणि गुरू. फोटो काढायचा म्हणजे नानांकडे जायचं, असा तो काळ. मी त्यांच्या हाताखाली लागलो त्याच सुमारास त्यांनी मुंबईहून एक लाल फिल्टर आणला. फिल्टर म्हणजे फार काही नाही, धातूच्या कड्यात बसवलेली रंगीत काच. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची. नानांना तिचं इतकं कौतुक, की जेवतानाही ती ताटाशेजारी असायची. नानी म्हणायच्या, "लोणचं वाढू का तिला?"

त्या काचेचा मुहूर्त करायला नानांनी एक नवं जोडपं श्रीवर्धनच्या समुद्रावर नेलं. लाल काचेतून आभाळ डांबरासारखं काळंभोर येतं आणि ढग त्यातून उठून दिसतात. फोटो आले तेव्हा नाना शिट्टी वाजवत होते. असं आभाळ तालुक्यात कुणी काढलं नव्हतं. पण मुलाची आई फोटो घ्यायला आली, तिनं आभाळाकडे बघितलंही नाही.

"नाना, माझ्या सुनंचं कपाळ उघडं कसं? न् लाल शालू पांढरा कसा झाला?"

नानांनी लाल काचेतून लाल रंग पांढरा कसा येतो ते समजावायला सुरुवात केली. ती ऐकते कसली!

"पोरगा शेजारी ढळढळीत उभा हाय माझा. न् सून अशी? हे काय अभद्र केलंत तुम्ही?"

बाजार गोळा झाला. शेवटी नानांनी शाई आणि बारीक ब्रश घेऊन प्रत्येक प्रिंटवर एकेक कुंकू काढून दिलं. घाईघाईत ते जरा मोठंच झालं. त्या सूनबाई आता आजी झाल्यात. अजून बाजारात भेटल्या की म्हणतात, "भाऊ, तुमच्या नानांनी माझ्या कपाळाला बंदा रुपया चिकटवलाय."

त्या दिवशी नानांनी ती काच तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही तू ठेव. आणि सवाष्णीवर लावू नकोस." डबी त्यांनी नीट धुतली नव्हती. पुढे कित्येक वर्षं ती उघडली की मला शिंक यायची.

ज्यांनी मोबाईलखेरीज कशानेच फोटो काढलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काळ्यापांढऱ्या रोलला रंग कळत नाहीत, उजेड कमी का जास्त एवढंच कळतं. जी काच लावाल तिच्या रंगाचा उजेड आत येतो, बाकीचा दारातच अडतो. म्हणून काचेच्या रंगाची वस्तू फोटोत फिकी पडते आणि विरुद्ध रंगाची काळवंडते. पिवळी काच रोजच्या वापराची, तिनं आभाळ जरा जागेवर येतं. हिरवी काच लावली की भाताचं शेत उजळतं. लाल लावली की आमच्याकडचा तांबड्या मातीचा रस्ता पिठूर चांदण्यातल्यासारखा पांढरा दिसतो आणि बाजूची झाडं काळी. मात्र ती उजेडही फार खाते. ती लावली की भर उन्हातल्या फोटोलाही सावलीतल्याइतका वेळ द्यावा लागतो आणि तेवढा वेळ माणसं हलल्याशिवाय राहत नाहीत.

हे ज्ञान वापरून आम्ही बरेच उद्योग केले. लग्नाच्या मुलींचे फोटो स्थळांकडे पाठवायचे असत, आणि आया हळूच येऊन सांगत, "जरा उजळ काढा हां, भाऊ." नारिंगी काच लावली की चेहरा उजळतो, मुरमांचे डागही जातात. पण तीच काच टिकलीही खाते. मग आम्ही मुलीची लाल टिकली काढून तिथे काजळाचा ठिपका लावायचो. फोटोत तो टिकली म्हणून बेमालूम खपायचा. मुलगी स्टुडिओतून तशीच काळा ठिपका लावून बाहेर पडली की बाजाराला कळायचं, हिचं बघायला सुरुवात झाली. हा धंदा मला तेव्हाही मनापासून आवडला नव्हता. पुढे रंगीत रोल आले, चेहरे होते तसे दिसू लागले आणि माझी सुटका झाली.

रंगीत रोलबरोबर वेगळ्या काचा आल्या. त्यातली चांदणीची काच म्हणजे कहर होता. तिच्यातून प्रत्येक दिव्याला चार-सहा किरणं फुटायची. पालीकडच्या एका वरबापानं मला आधीच बजावलं होतं, "चांदणीवाला फिल्टर नसंल तर येऊ नका." गेलो. मांडवात दिव्यांच्या माळाच माळा. फोटो आले तर नवरानवरी बिचारी चांदण्यांत बुडालेली, आणि भटजींच्या चष्म्यावरसुद्धा दोन चांदण्या उगवलेल्या. वरबाप खूश. त्यानं भटजींचाच फोटो मोठा करून घेतला.

नानांच्या मागे स्टुडिओ माझ्याकडे आला, आता तो माझा मुलगा बघतो. रोल कुणी मागत नाही. माझा जुना कॅमेरा कपाटात आहे आणि थोडे रोल घरच्या फ्रिजमध्ये, कोकमाच्या बरणीशेजारी. बायकोला कोळंबी ठेवायला जागा कमी पडली की त्यांच्यावर नोटीस निघते. मी रोज सकाळी सवयीनं दुकानात येऊन बसतो, पेपर वाचतो, आणि मुलाच्या कामात नाक खुपसत नाही असं मला वाटतं. मुलाचं मत वेगळं आहे.

असाच बसलो होतो तेव्हा लता आली.

लता तळा तालुक्यातल्या एका गावातली. चाळिशी ओलांडलेली, भातशेती करणारी बाई. घरात ती, तिचा नवरा आणि तिचा म्हातारा बाप महादू. टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेला एक फोटो तिनं माझ्यापुढे ठेवला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काच नाही, चौकट नाही. नऊवारीतली एक बाई खुर्चीवर बसलेली. मागे नानांच्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा मी लगेच ओळखला. पण बाईला चेहरा नव्हता. गळ्याच्या वर नुसता लालकाळा थर होता. डोळ्यांवर, नाकावर, गालावर बोटांचे ठसे. आणि कपाळावर तर खपलीच धरली होती.

"रंगपंचमीला सापडला काय गं हा?" मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे. तिचा चेहरा बघितला आणि जीभ चावली.

"माझी आई हाय ती," लता म्हणाली. "मी ल्हान व्हते तवाच गेली. सवाष्ण गेली. तवापास्नं बा रोज आंगोळ झाली का फोटोला कुकू लावतो. आदी नीट कपाळावर लावायचा. आता डोळ्यांत मोतीबिंदू. हातानं चाचपतो, न् बोट जाईल तिथं लावतो."

"मग सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू, भाऊ? सकाळी उठून करायचं म्हणून येवढंच एक काम ऱ्हायलंय त्याच्याकडं."

मी फोटो उलटा करून बघितला. ती पुढे म्हणाली, "आता आपरेशन हाय डोळ्यांचं, पुढल्या बुधवारी, हितंच माणगावात. पट्टी सुटली का पयल्यांदा तुझ्या आईला बघणार म्हंतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरतोय. न् बघणार काय? हे? त्याला कळंल ना, त्यानंच पुसली तिला."

आईचा दुसरा फोटो नव्हता. फोटोच्या मागे आमचा शिक्का होता म्हणून ती निगेटिव्ह मागायला आली होती. नानांच्या काळातल्या निगेटिव्ह कोकणातल्या ओलीनं एकमेकींना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. त्या कधीच टाकून दिल्या होत्या. ते सांगितलं तेव्हा ती टॉवेलची घडी उलगडायला आणि पुन्हा घालायला लागली.

तिच्या भाच्यानं मोबाईलवर नवा चेहरा करून दिला होता, तोही तिनं दाखवला. गोरीपान, गुळगुळीत, मंद हसणारी बाई. देखणी होती, पण शेतात एक दिवस राबलेली वाटत नव्हती. लता म्हणाली, "सुरेख हाय. पन ही कोण बाई? बा हिला घरात घ्यायचा न्हाय."

मी फोटो उजेडात धरला. आणि एकाएकी मला तपकिरीची डबी आठवली.

डबी कपाटाच्या मागच्या खणात होती. उघडली, शिंक मात्र आली नाही. ती लाल काच मी डोळ्याला लावली आणि फोटोकडे बघितलं. गालावरचे बोटांचे ठसे गेले. नाकावरचे गेले. काचेतून सगळंच लाल दिसतं, त्यात लाल डाग आणि कोरा कागद यांच्यात फरक उरत नाही. खालची चित्रातली काळी रेघ मात्र काळीच राहते. आणि तिथून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

मी काच लताच्या हातात दिली. तिनं ती डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. काचेखालून पाणी गालावर आलं तरी ती तशीच उभी. शेवटी म्हणाली, "माझ्यासारकेच हायत वो डोळे."

सवाष्णीवर लावू नकोस, असं नाना म्हणाले होते. मी मनात म्हटलं, नाना, तुमचं आजपर्यंत ऐकलं. आता नाही ऐकत.

मुलगा म्हणाला, "पप्पा, कॉम्प्युटरवर पण लाल रंग वेगळा काढता येतो." येतो, मला माहीत आहे, आणि त्यानं तो चांगला काढलाही असता. पण फोटो नानांचा, काच नानांची. ते काम दुसऱ्याच्या हातात द्यायला माझं मन तयार नव्हतं. हौस म्हणा हवं तर. मुलगा हसला आणि त्यानं डार्करूम रिकामी करून दिली. ती आता त्याच्या अल्बमांची आणि फ्रेमांची अडगळ झाली होती.

आधी कपाळावरची खपली काढायची होती, कारण लाल काचेची जादू पातळ डागावर चालते. जाड थर असला तर त्याच्याखाली उजेडच पोचत नाही. पाणी लावायची सोय नव्हती. पाण्यानं कुंकू चेहराभर पसरलं असतं आणि कायमचं मुरलं असतं. मऊ ब्रश घेऊन श्वास धरून बसलो. किती वर्षांचा तो थर, एकावर एक. पापुद्रे सुटत होते आणि मला भीती, की त्यांच्याबरोबर फोटोचा कागदही सुटतोय की काय. खाली पडलेलं कुंकू केरात टाकवेना. त्याची पुडी बांधली आणि लताला दिली. तिनं ती तुळशीत घातली.

मग कॅमेरा उभा केला, लाल काच बसवली आणि अख्खा रोल त्या एकाच फोटोवर संपवला. रोलची मुदत उलटून गेली होती, कुठला फोटो धड येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून कमीजास्त वेळ देत गेलो. रोल धुताना मिट्ट काळोख लागतो. फोटो छापायच्या कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून छापताना लाल दिवा चालतो. या रोलला लाल दिसतो, म्हणून तर हे काम होत होतं, आणि म्हणूनच त्याच्यासमोर लाल दिवासुद्धा चालत नाही. हात अजून सगळं विसरले नव्हते. अंधारात रोल पहिल्या फटक्यात रिळावर चढला तेव्हा मी एकटाच हसलो.

निगेटिव्ह वाळली, कागद घेतला, छापला, औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर माणूस उमटायला लागतो, ते मी आयुष्यभर बघितलं तरी मला कंटाळा आलेला नाही. आधी केस आले. मग डोळे. मग नाक, त्यात चमकी. आणि कपाळाच्या मधोमध एक काळा आडवा डाग.

झालं! एवढं करून नेमकं कपाळावरच राहिलं. थर नीट निघाला नव्हता म्हणायचा. दुसरा कागद छापला, तसाच. तिसरा छापला, तसाच. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मग डोक्यात उजेड पडला. लाल काचेतून लाल डाग काळा येईलच कसा? तो येऊच शकत नाही. म्हणजे हा काळेपणा वरचा नव्हता, जुन्या फोटोतलाच होता. भिंग घेऊन बघितलं. डाग नव्हताच. दोन्ही कडा नेटक्या, मधे जरा जाड, एकसारखी आडवी रेघ. नानांनी त्या दिवशी साध्या लेन्समधून फोटो काढला होता, कुठली काच न लावता. त्यामुळे तिचं लाल कुंकू फोटोत काळं आलं होतं. ती फोटो काढायला येताना घरून जशी आडव्या रेघेची चिरी लावून आली, तशी ती तिथे होती. नवऱ्यानं पहिल्या दिवशी तिच्यावर बोट टेकवलं आणि तेव्हापासून ती झाकली गेली.

ते बघून मला फार बरं वाटलं. नाना हवे होते असंही वाटलं. ज्या काचेनं त्यांची भरबाजारात अब्रू काढली, तिनंच त्यांच्या फोटोतलं एक कुंकू परत आणून दिलं. त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली असती.

कानाजवळ तेलाचा एक डाग राहिला. त्याला कुठलीच काच लागू पडली नाही. तो मी तसाच ठेवला.

फोटो काचेच्या चौकटीत बसवला. जुना फेकायचा नाही असं लता म्हणाली, म्हणून तो नव्याच्या पाठीमागे त्याच चौकटीत घातला. म्हाताऱ्याला यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं; चौकट करायला फोटो दुकानात दिलाय, एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं. पट्टी सुटायच्या दिवशी तिनं मलाही घरी बोलावलं. "काय बिनसलं तर तुम्ही असा," म्हणाली. काय बिनसू शकतं ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. बापानं बघून, ही माझी बायको नव्हं, असं म्हणायला काय लागतं?

महादूबाबा काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले तेव्हा त्यांनी लताचा दंड घट्ट धरला होता.

"दिसत न्हाय काय अजून?" मी घाबरून विचारलं.

"दिसतंय वो, चांगलं दिसतंय," लता म्हणाली. "डॉक्टरांनी बोटं किती विचारलं तवा उघडले व्हते. मग जे मिटलेत ते मिटलेत. पयली तुझी आई, मग बाकीचं, म्हंतो. रस्ताभर मी सांगत आले, हे आलं, ते आलं."

त्यांनी पडवीत पाय धुतले. चाचपत देवापुढे येऊन बसले. लतानं फोटो नेहमीच्या जागी ठेवला होता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, डोळे उघडले.

ते फोटोकडे बघत राहिले.  लतानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी मनातल्या मनात कानाजवळच्या त्या डागाला शिव्या दिल्या.

"लते," ते शेवटी म्हणाले, "केवढीशी हाय गो ही. तुज्यापेक्षा ल्हान दिसते."

लताला रडू आणि हसू एकदमच आलं. "मग? तवा तेवढीच व्हती ना ती."

"कुकू आण."

तिनं करंडा आणून दिला. म्हाताऱ्यानं सवयीनं बोट बुडवलं आणि फोटोच्या कपाळाकडे नेलं. काचेजवळ बोट थांबलं. ते पुढे वाकले, तोंड फोटोला लागेल इतके. बघितलं. बोट मागे घेतलं आणि धोतराला पुसलं. मग निरांजनाशेजारची काडेपेटी उघडून एक काडी काढली, तिचं टोक कुंकवात बुडवलं, आणि काचेवर, आतल्या रेघेवर बरोबर बसेल अशी, डावीकडून उजवीकडे सावकाश एक आडवी रेघ ओढली. हात जराही हलला नाही.

काडी खाली ठेवली आणि फोटोला म्हणाले,

"अगो, तू चिरी लावायचीस. मी येवढी वर्सं गोल लावत व्हतो, तर बोलली न्हायस."